वाडा पाडल्यावर पेठेचं पुढच्या चाळीस वर्षांत काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यात राजपथ आणि खालचा रस्ता या दोन मुख्य रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात तुमचा वडिलोपार्जित वाडा आहे. लागूनच असलेला वाडा विकसकाने घेऊन पाडला, आता तिथे पार्किंग आणि वर चार मजले व्हायचेत. समोरची गल्ली विकास आराखड्यात रुंद दाखवली आहे. ऑफर तुम्हालाही आली आहे, भावंडांत दोन तट पडलेत, आणि तुम्ही विचारताय की अशा नूतनीकरणाने जुनी पेठ सुधारते की मरते.

मी जुने वाडे दुरुस्तही करतो आणि त्यांच्या जागी उठणाऱ्या इमारतींची कामंही घेतो. त्यामुळे पाडणाऱ्यांवर माझा राग नाही, आणि नक्षीचा खांब दिसला की मला गहिवरूनही येत नाही.

पेठ मरत नाही. पहिली दहा-पंधरा वर्षं तर ती चांगली तेजीत दिसते. पण वाडा पाडून अपार्टमेंट झालं की ती जागा पुन्हा बदलणं जवळजवळ बंद होतं. माझ्या मते नूतनीकरणाचा सगळ्यात टिकाऊ परिणाम हाच, आणि ऑफर हातात असताना नेमका याचाच विचार कोणी करत नाही.

शाहू महाराजांनी 1708 मध्ये राज्याभिषेक करून साताऱ्याला राजधानी केली, तेव्हापासून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला या पेठा वसत गेल्या. 1848 मध्ये संस्थान खालसा झालं. त्या धक्क्यानंतरही पेठा उभ्या राहिल्या, कारण वाडा कशालाही चालायचा. सरदार गेला, वकील आला. वकील गेला, खाली वखार आणि वर भाडेकरू आले. कुठे छापखाना निघाला, कुठे शाळा भरली. राजवाड्याचंच बघा. 7 नोव्हेंबर 1900 ला लहानग्या भीमरावांचं, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांचं, नाव ज्या सरकारी शाळेत दाखल झालं, ती जुन्या राजवाड्यात भरत होती. नव्या राजवाड्यात कित्येक वर्षं जिल्हा न्यायालय चाललं. राजघराण्यासाठी बांधलेल्या इमारतीत शाळा आणि कोर्ट बसतं, कारण मालक एक असतो, खोल्या मोठ्या असतात, मधे चौक असतो, आणि भिंत इकडची तिकडे करायला शेजारच्या वीस जणांना विचारावं लागत नाही.

अपार्टमेंटमध्ये हे उलटं होतं. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदलं जातं आणि जमिनीचा अविभक्त हिस्सा सगळ्या गाळेधारकांत विभागला जातो. पुढे त्यातले काही पुण्यात जातात, काही परदेशात, एखाद्याच्या वारसांत दावा लागतो, एखादा गाळा बँकेकडे तारण असतो. जिन्यातल्या गळक्या पाइपासाठी वर्गणी जमवताना नाकी नऊ येतात, तिथे पुनर्बांधणीची संमती कुठून गोळा करणार?

त्यातून पैशाचं गणित आणखी अवघड. आज विकसक तुम्हाला फुकट फ्लॅट आणि वर रोख रक्कम देतोय, ती कशातून? दुमजली वाड्यात न वापरलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधता येणारं क्षेत्र, पडून आहे, त्यातून. तुमचे आणि भाडेकरूंचे गाळे देऊन वरचे दोन-तीन मजले त्याला विकता येतात. चाळीस वर्षांनी ही इमारत थकेल तेव्हा तो एफएसआय संपलेला असेल. गल्लीची रुंदी तेवढीच, प्लॉट तेवढाच, आणि मालक एकाचे वीस झालेले. तेव्हा विकसक कशाच्या जोरावर येईल? पुण्याच्या नारायण, सदाशिव, शनिवार पेठांत 1970-80 च्या दशकांत वाड्यांच्या जागी उठलेल्या अनेक इमारती आज याच पेचात आहेत. लिफ्ट नाही, सळया फुगल्यात, म्हातारे तिसऱ्या मजल्यावर अडकलेत, आणि पुनर्विकास करायचा तर आकडे बसत नाहीत. साताऱ्याला आपलं भविष्य बघायला फार लांब जायला नको, स्वारगेटची एसटी पुरे.

याचा अर्थ वाडे आहेत तसे ठेवले असते तर सगळं छान झालं असतं, असंही नाही. वाड्यांची खरी पडझड जेसीबी यायच्या कितीतरी आधी सुरू झाली. 1947 च्या भाडे कायद्याने प्रमाणित भाडं 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकलं. दहा भाडेकरूंचं महिन्याचं भाडं मिळून एका पावसाळ्याची कौलं बदलून होत नव्हती. नवा कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली. पण मुळातच चणेफुटाण्याच्या भावाचं भाडं, त्याच्या चार टक्क्यांत काय येणार? मालकाने छप्पर सोडलं, भाडेकरूने जागा सोडली नाही. छप्पर गळलं की तुळईचं टोक भिंतीत कुजतं, तुळई बसली की माळवद खचतं, आणि मग एक दिवस नगरपालिका अधिनियमातल्या कलम 195 ची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते. काही ठिकाणी ही नोटीस यावी अशी मालकाचीच मनापासून इच्छा असते, हेही पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे.

आता रस्त्याकडे येतो, कारण तुमच्या गल्लीवर रुंदीकरणाची रेषा पडली आहे.

रुंदीकरण म्हटलं की एका सकाळी बुलडोझर येऊन दोन्ही बाजू साफ होतात, असं लोकांना वाटतं. मोठ्या रस्त्यांवर कधी तसं झालंही. प्लेगनंतर 1898 मध्ये मुंबईत सुधार न्यास म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापून काढले. हवा आली, गाड्या आल्या. पण जितकी बिऱ्हाडं उठवली तितक्यांना नवं छप्पर मिळालं नाही, आणि ती माणसं शेजारच्या आधीच भरलेल्या चाळींत घुसली. दाटी हटली नाही, फक्त सरकली.

आपल्यासारख्या गावात मात्र पालिकेकडे एकदम संपादन करायला पैसे नसतात. मग रेषा नकाशावर राहते आणि जो नवीन बांधकामाची परवानगी मागेल त्याच्याकडून तेवढी पट्टी सोडवून घेतली जाते. आज शेजारचा मागे सरकला, दहा वर्षांनी पलीकडचा सरकेल, तुम्ही जागच्या जागी. गल्ली तुटक्या कंगव्यासारखी दिसायला लागते. वाहतुकीला याचा काडीचा उपयोग नाही, कारण गल्लीची रुंदी म्हणजे तिची सगळ्यात अरुंद जागा. मधल्या खाचांत आधी दुचाक्या लागतात, मग पानपट्टी येते, मग विजेच्या डीपीचा खांब. तीस वर्षांनी रेषा पूर्ण होते तोवर त्या खाचांवरही कुणाकुणाचे हक्क तयार झालेले असतात.

पण रेषेचा सगळ्यात वाईट परिणाम ती प्रत्यक्षात न येताच होतो. ज्या घराचा पुढचा भाग रेषेखाली आहे, त्याचा मालक दर्शनी भिंतीवर पैसा घालत नाही. आज ना उद्या जाणारच आहे, मग कशाला? बँक कर्जाला कुरकुर करते, गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. नगररचना अधिनियमाच्या कलम 127 प्रमाणे आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. 2015 च्या दुरुस्तीनंतर ती मुदत 24 महिन्यांची आहे. म्हणजे नुसत्या वाट बघण्यातच बारा वर्षं गेली. लाकूडकाम असलेल्या घराला बारा पावसाळे दुरुस्तीविना म्हणजे निकालच. कित्येक वाडे रस्त्यासाठी पडले नाहीत, रस्त्याच्या भीतीने पडले.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार 1914 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. गावोगावच्या पाहण्यांत त्याने एकच धोशा लावला होता: सरळ रुंद रस्ता कापू नका, अगदी पडकी चार घरं काढा, तिथे छोटा चौक करा, झाड लावा, बाकीचं दुरुस्त करा. शंभर वर्षं झाली तरी आपल्या आराखड्यांवर अजून फूटपट्टीच चालते. राजपथ आणि खालच्या रस्त्याला जोडणाऱ्या बोळांत कोंडी कुठे होते ते उभं राहून बघा. बहुतेक वेळा तोंडाशी, वळणावर, जिथे टेम्पोला वळायला जागा नसते तिथे. कोपऱ्यावरचं एकच घर तिरकं कापलं तर निम्मा त्रास जाईल, पण एका कोपऱ्याला मोबदला द्यायची तजवीज करण्यापेक्षा शंभर घरांवर रेषा ओढणं कागदावर सोपं असतं. पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर म्हणजे भुयारी रस्ता झाला, नाका मोकळा झाला, चांगलंच झालं. पण राजवाड्याकडे जाणारी गाडी शेवटी या दोनच रस्त्यांवर येणार.

तळमजल्याबद्दलही सांगायला हवं. वाड्याचा ओटा थेट गल्लीला भिडतो. संध्याकाळी तिथे कोणीतरी बसलेलं असतं, परकं माणूस गल्लीत शिरलं तर कुणाची तरी नजर पडते. पार्किंगवर उचललेल्या इमारतीत जमिनीलगत नुसते खांब आणि गाड्या. अशा चार इमारती ओळीने झाल्या की त्या गल्लीत रात्री नऊनंतर पोरीबाळी चालायचं टाळतात. नियमावलीने पार्किंग सक्तीचं केलंय, त्यामुळे विकसकाला दोष देऊन उपयोग नाही. मात्र एकच नियमावली सगळ्या गावांना लावली की काय होतं याचा हा नमुना आहे. डिसेंबर 2020 ची एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली साताऱ्याला आहे तशी सांगलीलाही आहे. सांगलीच्या गावभागात 2005, 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या माणसाला विचारा. कृष्णा दारात आल्यावर तळमजला रिकामा असणं हा शहाणपणा ठरतो. आपण डोंगरउतारावर आहोत. इथे नदीचं पाणी कधी चढणार नाही, पण रिकाम्या तळमजल्याने गल्ली मात्र ओस पडते.

उताराचा विषय निघालाच आहे तर पाण्याचं सांगतो, कारण हा त्रास तुम्हाला सगळ्यात आधी जाणवेल. साताऱ्याच्या जुन्या भागातलं सगळं पाणी अजिंक्यताऱ्याकडून उत्तरेला धावतं. वाड्यांचे चौक, परसदारं, आड ही सगळी पाणी मुरवणारी जागा होती. नव्या इमारतीत प्लॉट या टोकापासून त्या टोकापर्यंत फरशी किंवा काँक्रीट. आड असला तर पाडकामाचा राडारोडा त्यातच ढकलतात, म्हणजे वाहतुकीचा खर्च वाचतो. आड बुजला तरी झरा बंद होत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते पाणी उताराच्या बाजूच्या घराच्या जोत्यातून पाझरतं, आणि घरमालक वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला असेल म्हणून प्लंबर शोधत बसतो.

दुसरी गोष्ट गल्लीच्या पातळीची. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावरच नवा डांबराचा किंवा काँक्रीटचा थर चढतो. तुमच्या ओट्याला पूर्वी किती पायऱ्या होत्या ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि आज किती दिसतात ते मोजा. जिथे तीन होत्या तिथे एक उरलेली घरं मी पाहतो, आणि काही ठिकाणी उंबराच रस्त्याच्या खाली गेलाय. जोतं उंच होतं ते काही रुबाबासाठी नव्हतं; त्यावरची भिंत मातीची होती म्हणून होतं. रस्त्याच्या कामाचा नारळ फुटायच्या आत गल्लीतल्या दहा जणांनी मिळून लेखी अर्ज द्या: आधी जुना थर काढा, मगच नवा घाला. एकट्याच्या अर्जाला कोणी विचारत नाही.

आता सामाईक भिंत. तुमच्या बाबतीत सगळ्यात तातडीचं हेच आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

ओळीतले वाडे एकमेकांना टेकून उभे असतात. शेजारचा पाडला की तुमची जी भिंत दीडशे वर्षं घराच्या आत होती ती एकदम उघड्यावर येते. तिला बाहेरचा गिलावा नाही, पागोळी नाही. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर थोडी भाजकी वीट, आणि मधे बहुतेक पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे कच्च्या विटा. शेजारच्या तुळया उपसून काढल्या त्या जागी हातभर खोल भोकं राहतात. पहिल्या पावसात पाणी नेमकं त्या भोकांतून आत शिरतं आणि माती आतल्या आत विरघळते. बाहेरून भिंत ठीक दिसते. पण मुठीने ठोकली की पोकळ वाजते. दोन-तीन पावसाळ्यांत ती पोट काढते, मग तुमच्याच घराला धोकादायक ठरवलं जातं, आणि ज्याला ऑफर नाकारली होती तोच विकसक कमी भावाने परत येतो. यात दरवेळी कुणाचं कारस्थान असतं असं नाही. मातीचा स्वभावच तसा.

उपाय महाग नाहीत, पण वेळेवर लागतात. भोकं विटा आणि चुन्याने बुजवायची. भिंतीच्या माथ्यावर उतरता पत्रा बसवायचा. गिलावा चुन्याचाच करायचा. ठेकेदार सिमेंटचा गिलावा मारून देतो म्हणेल, त्याला ठाम नाही म्हणा. सिमेंट मातीला धरत नाही, मागे ओल कोंडते आणि एक दिवस आख्खा पापुद्रा भेंड्यांसकट खाली येतो. नव्या इमारतीच्या पायासाठी तुमच्या जोत्यालगत सलग चर खणू द्यायचा नाही. थोड्या थोड्या लांबीचे, एक सोडून एक तुकडे खणून, भरून, मग पुढचा. आणि जूनच्या तोंडावर जोत्याला लागून कुठलाही खड्डा उघडा राहणार नाही, हे लेखी घ्या. खड्ड्यात साठलेलं पाणी जोत्याखालची माती ढिली करतं, त्यापुढे दगड कितीही मोठा असला तरी बसतो.

माणसांचं थोडक्यात. पेठेतली मधली पिढी कधीच बाहेर पडली. 2020 च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर पालिकेत आलं, त्याच्या कितीतरी आधीपासून बंगल्यांची हौस तिकडे गेली होती. पेठेत राहिले ते म्हातारे, भाडेकरू आणि दुकानदार. नूतनीकरणात पावती असलेल्या भाडेकरूला गाळा मिळतो. पोटभाडेकरू, ओसरीवर बसून पिको-फॉल करणारी बाई, जिन्याखालचा चप्पलवाला यांचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. नव्या गाळ्याचं डिपॉझिट त्यांना झेपत नाही. तिथे मोबाइलचं दुकान नाहीतर क्लास येतो. खणआळीसारख्या बाजाराच्या आळीला याने फार फरक पडत नाही, तिथे धंदाच इतका आहे. पण राहत्या आळीत चप्पल शिवायला पोवई नाक्यापर्यंत जावं लागलं की पेठेत राहण्याचा फायदाच काय उरला?

तर ऑफरचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर आधी तीन कागद काढले असते: मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा, रेषा दाखवणारा भाग नकाशा आणि हद्दीची मोजणी. बऱ्याच घरांत भांडण चालू असतं आणि पत्रिकेवर अजून पणजोबांचंच नाव असतं. रेषेत नेमकं किती फूट जातंय हे कळल्याशिवाय भाव ठरवण्यात अर्थ नाही.

मग भावंडांपुढे तिसरा पर्याय ठेवा, तो सहसा कोणी मांडत नाही. वाड्याचा रस्त्याकडचा सोपा, म्हणजे पुढची पडवी, आणि चौक ठेवून मागच्या परसदारी मर्यादित बांधकाम करता येतं का, हे स्थानिक वास्तुविशारदाकडून आखून घ्या. मागची बाजू बहुधा आधीच पडकी असते, तीच बदलायची. मालकी कुटुंबातच राहते, पुढचे खण भाड्याने देता येतात, आणि तीस वर्षांनी तुमच्या नातवंडांना काय करायचं ते ठरवायला जागा उरते. प्रत्येक प्लॉटला हे जमत नाही. तोंड फारच अरुंद असेल, किंवा हिस्सेदार सात-आठ असतील आणि सगळ्यांना रोखच हवी असेल, तर विका आणि मोकळे व्हा. त्यात गुन्हा काही नाही. विकायचंच ठरलं तर करारात आडाचं काय करणार, चौकाइतकी उघडी जमीन सोडणार का, आणि गल्लीकडच्या बाजूला एकतरी दुकान किंवा ओटा ठेवणार का, ही तीन कलमं घालून घ्या. सागवानी खांब-तुळयांची किंमतही वेगळी लावा. ते लाकूड इथे भंगार म्हणून उचललं जातं आणि कुठल्यातरी रिसॉर्टच्या दारात भलत्याच भावाने उभं राहतं.

हे सगळं ठरायला वर्षही लागेल. सामाईक भिंतीचा संयुक्त पंचनामा मात्र लगेच करा: तारखेसह फोटो, प्रत्येक भेगेवर रुंदीची खूण, आणि विकसकाच्या इंजिनिअरची सही. खोदाई सुरू झाल्यावर तो सही देत नाही.